कीटकखाद्यातील प्रथिनांचा खरा हिशेब

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला म्हणजे नाशिक जिल्ह्यातील ऊस, मका व भुईमूग पिकविणाऱ्या गावांत हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. दिवस मावळताच ते बांधावरील कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या झाडांवर जमतात आणि रात्रभर पाला खातात. सकाळी झाडाखाली पडलेले भुंगेरे परसातील कोंबड्या मोठ्या आवडीने टिपतात. नांगरणीच्या वेळी तासामागून चालणारे बगळे व कावळे हेच करीत असतात. कीटक हे पक्ष्यांचे नैसर्गिक अन्न आहे, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही.

परंतु अलीकडच्या काळात या जुन्या गोष्टीस नवे महत्त्व आले आहे. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी शेकडा ६० ते ७० भाग केवळ खाद्यावर होतो आणि खाद्यातील प्रथिनांचा मुख्य आधार सोयाबीनची पेंड हा आहे. २०२१ साली या पेंडीचे भाव इतके चढले की, त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड परदेशातून आणण्यास परवानगी दिली. अशा प्रसंगी साहजिकच कोंबडीपालक दुसऱ्या प्रथिनांच्या शोधात लागतो. सुकविलेल्या अळ्या, अळ्यांची भुकटी व रेशमाचे प्युपे यांची जाहिरात होत असते आणि त्यांत शेकडा ४०, ५० किंवा ६० प्रथिने असल्याचे सांगितले जाते. हे आकडे खोटे नाहीत. मात्र ते कसे वाचावेत हे ठाऊक नसेल तर त्यांवर विसंबून केलेला व्यवहार तोट्याचा ठरतो. यास्तव या लेखात कीटकांच्या घटकद्रव्यांचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीने केला आहे.

कीटकांत काय असते?

कोणत्याही खाद्याची तुलना करताना त्यातील पाणी वजा करून उरलेल्या शुष्कांशाचा विचार करावयाचा असतो. शुष्कांशाच्या शंभर भागांत प्रथिने व स्निग्धांश यांचे सरासरी प्रमाण पुढीलप्रमाणे आढळते :

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या – प्रथिने ४२, स्निग्धांश २६
घरमाशीच्या अळ्या – प्रथिने ५०, स्निग्धांश १९
पिवळ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, म्हणजे मीलवर्म – प्रथिने ५३, स्निग्धांश ३६
टोळ व नाकतोडे – प्रथिने ५७, स्निग्धांश ८
रेशीमकिड्याचे प्युपे – प्रथिने ६१, स्निग्धांश २६
सोयाबीनची पेंड – प्रथिने ५२, स्निग्धांश २
मासळीची कुटी – प्रथिने ७१, स्निग्धांश १०

हे आकडे वरवर पाहता कीटक हे सोयाबीनच्या बरोबरीचे, किंबहुना सरस खाद्य वाटते. परंतु या आकड्यांतून तीन वजावटी कराव्या लागतात. त्या केल्यावाचून खरा हिशेब हाती येत नाही.

पहिली वजावट – पाण्याची

ताज्या अळीच्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते. ताज्या प्युप्यात ते याहूनही अधिक, म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते. याउलट सोयाबीनच्या पेंडीत शंभर किलोस अकरा-बारा किलो एवढेच पाणी असते. म्हणून ताज्या अळ्यांची पाटी आणि पेंडीचे पोते यांची तुलना किलोस किलो अशी करता येत नाही. विक्रेत्याने सांगितलेला आकडा ताज्या मालाचा आहे की सुक्या मालाचा, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

दुसरी वजावट – कवचाची

प्रयोगशाळेत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. डेन्मार्कमधील योहान क्येल्डाल या शास्त्रज्ञाने १८८३ साली घालून दिलेल्या पद्धतीने खाद्यातील नत्र मोजले जाते आणि त्या नत्रास ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढला जातो. प्रथिनांमध्ये शेकडा १६ भाग नत्र असते, असे यामागील गृहीत आहे.

कीटकांच्या बाबतीत या रीतीत एक अडचण येते. कीटकाचे कवच कायटिन नावाच्या द्रव्याचे बनलेले असते. कोळंबीच्या व खेकड्याच्या कवचातही हेच द्रव्य असते. कायटिन हे प्रथिन नव्हे, परंतु त्यात नत्र असते. त्यामुळे कवचातील नत्रही हिशेबात प्रथिन म्हणून धरले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखविण्यात आले की, काळ्या सैनिक माशीच्या व मीलवर्मच्या अळ्यांसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक धरणे अधिक बरोबर आहे. याचा अर्थ असा की, कागदावर ४२ दिसणारी प्रथिने प्रत्यक्षात सुमारे ३२ असतात. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी धरावा लागतो. भुंगेऱ्यांसारख्या टणक पाठीच्या कीटकांत कवचाचे प्रमाण मऊ अळीपेक्षा अधिक असते, हेही लक्षात ठेवावे.

आता उदाहरण घेऊ. एका कोंबडीपालकाजवळ १० किलो ताज्या अळ्या आहेत. पाणी वजा जाता शुष्कांश सुमारे ३.३ किलो उरतो. त्यात शेकडा ४२ प्रमाणे १.४ किलो प्रथिने कागदावर दिसतात. कवचाची वजावट केल्यावर जेमतेम १ किलोच्या वर प्रथिने हाती येतात. सोयाबीनच्या पेंडीचा आकडाही याच रीतीने थोडा खाली आणावा लागतो. तो आणला तरी पेंडीच्या दर १० किलोत ४ किलोहून अधिक प्रथिने मिळतात. सारांश, १० किलो ताज्या अळ्या म्हणजे सुमारे अडीच किलो पेंड होय. अळ्यांचा भाव पेंडीच्या भावाच्या एक-चतुर्थांशाहून अधिक पडत असेल, तर निव्वळ प्रथिनांसाठी त्या विकत घेणे परवडणारे नाही.

तिसरी वजावट – तेलाची व चुन्याची

कीटकांतील स्निग्धांश हा शक्ती देणारा असला तरी साठवणीस अडचणीचा असतो. पुरेसा न सुकविलेला प्युपा किंवा अळी लवकर खवट होते, त्यास दुर्गंधी सुटते आणि असे खाद्य अधिक प्रमाणात दिल्यास अंड्यास व मांसास वास येतो. तेल काढून घेतलेली भुकटी अधिक टिकते व तिच्यात प्रथिनांचे प्रमाणही वाढते. तेल काढलेल्या प्युप्यांच्या भुकटीत ते शेकडा ७५ पर्यंत जाते.

चुना, म्हणजे कॅल्शियम, बहुतेक कीटकांत फार थोडा असतो. मीलवर्ममध्ये कॅल्शियम शेकडा ०.२७ व स्फुरद ०.७८ असते. कोंबडीस कॅल्शियम स्फुरदापेक्षा अधिक लागते, येथे प्रमाण नेमके उलटे आहे. काळी सैनिक माशी मात्र यास अपवाद आहे. तिच्या अळीच्या शुष्कांशात कॅल्शियम शेकडा ७.५ पर्यंत असते. तथापि एवढ्यावरून शिंपल्याचा चुरा बंद करू नये. एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि १५ ग्रॅम ताज्या अळ्यांतून अर्धा ग्रॅमही मिळत नाही. उलटपक्षी लहान पिल्लांच्या खाद्यात या अळ्यांचा भरणा केल्यास कॅल्शियम गरजेपेक्षा अधिक होण्याचा संभव असतो.

मग कीटकांचे खरे मोल कशात?

वरील वजावटी पाहून कीटकखाद्य निरुपयोगी आहे, असा ग्रह करून घेऊ नये. त्याचे मोल प्रथिनांच्या राशीत नसून प्रथिनांच्या गुणात आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. मका व सोयाबीन यांच्या मिश्रणात मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल अपुरे पडते. ते अपुरे असले की बाकीची प्रथिने पूर्णपणे कामी येत नाहीत, पिसांची वाढ खुंटते व अंडी कमी होतात. सोयाबीनच्या १०० ग्रॅम प्रथिनांत मेथिओनिन सुमारे १.३ ग्रॅम असते. काळ्या सैनिक माशीच्या अळीत ते २.१ ग्रॅम आणि रेशमाच्या प्युप्यात ३.५ ग्रॅम असते. म्हणून कीटक हा पेंडीचा पर्याय नव्हे, तर तो पेंडीचा पूरक आहे. केवळ दाणा, कणी व घरातील उष्टे यांवर वाढणाऱ्या परसातील कोंबडीस तर हा पूरक घास फारच मोलाचा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांतील ज्या घरी पाच-दहा गावठी कोंबड्या असतात, त्या घरास याचा लाभ विशेष होईल.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या

ब्लॅक सोल्जर फ्लाय या नावाने ओळखली जाणारी ही माशी घरमाशीप्रमाणे अन्नावर घोंघावत नाही. तिच्या अळ्या भाजीपाल्याचा कुजका भाग खाऊन दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण वाढतात. पिंपळगाव बसवंतसारख्या टोमॅटोच्या बाजारपेठेजवळ असा टाकाऊ माल हंगामात भरपूर मिळतो.

अळी जे खाते त्यावर तिची घडण अवलंबून असते, ही बाब महत्त्वाची आहे. कोंबडीखतावर वाढलेल्या अळीत स्निग्धांश शेकडा १५ ते २५, गाईच्या शेणावर वाढलेल्या अळीत ३५, तर तेलकट खरकट्यावर वाढलेल्या अळीत ४२ ते ४९ पर्यंत आढळला आहे. म्हणून एका ठिकाणच्या अळ्यांचा आकडा दुसऱ्या ठिकाणी लावता येत नाही. शिवाय ही अळी आपल्या खाद्यातील कॅडमियमसारखी विषारी धातुद्रव्येही अंगात साठवून ठेवते. शहरातील मिश्र कचऱ्यावर वाढविलेल्या अळ्या कोंबड्यांस घालणे यामुळेच धोक्याचे आहे. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिने २०१७ साली मत्स्यखाद्यात व २०२१ साली कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वापरण्यास परवानगी दिली. परंतु विष्ठा व खरकटे यांवर वाढविलेले कीटक त्या परवानगीत बसत नाहीत. आपणही स्वच्छ भाजीपाला, फळांचा चोथा व धान्याचा कोंडा एवढ्यावरच अळ्या वाढविणे इष्ट आहे.

या माशीस ऊब व सूर्यप्रकाश लागतो. निफाड परिसरात हिवाळ्यात पारा अतिशय खाली उतरतो, हे द्राक्षबागायतदारांस चांगले ठाऊक आहे. त्या दिवसांत अळ्यांची वाढ मंदावते व माश्यांचे मीलनही नीट होत नाही. म्हणून अळ्यांच्या भरवशावर वर्षभराचे खाद्य ठरवू नये.

रेशमाचा प्युपा

येवल्याच्या पैठणीमुळे रेशीम नाशिक जिल्ह्यास अपरिचित नाही. कोषातून सूत काढल्यावर आत जो निद्रिस्त कीटक उरतो तोच प्युपा होय. एक किलो कच्चे रेशीम काढताना सुमारे ८ किलो ओले, म्हणजे २ किलो सुके प्युपे निघतात. तथापि तुतीची लागवड करणारा शेतकरी आपले कोष विकून मोकळा होतो. प्युपे उरतात ते सूत काढणाऱ्या केंद्रात. म्हणून ते घ्यावयाचे झाल्यास अशा केंद्राशी संबंध जोडावा लागेल आणि वाहतुकीचा खर्च हिशेबात धरावा लागेल. माल ताजा, कोरडा व खवट वास नसलेला आहे याची खात्री करूनच तो घ्यावा.

हुमणीचे भुंगेरे : एक निर्णय गावाने घ्यावा

हुमणीचा बंदोबस्त करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मादीने अंडी घालण्यापूर्वी भुंगेरे गोळा करणे हा होय. रात्री झाडांच्या फांद्या हलवून अथवा प्रकाश-सापळे लावून ते गोळा केले जातात व बहुधा रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवून मारले जातात. काही ठिकाणी झाडांवर कीटकनाशकाची फवारणीही केली जाते.

येथेच खरा धोका संभवतो. एकाच गावात एकाने कडुनिंबावर औषध फवारले आणि दुसऱ्याने त्याच झाडाखालचे भुंगेरे कोंबड्यांस घातले, तर कोंबड्या दगावतील. त्या न दगावल्या तरी विषाचा अंश अंड्यांतून घरातील लेकरांच्या ताटात येईल. फवारणीच्या अवशेषांचा प्रश्न किती गंभीर असतो, हे २०१० साली युरोपात पाठविलेल्या द्राक्षांच्या वेळी नाशिककरांनी अनुभवले आहे. म्हणून पावसापूर्वीच गावाने एकत्र बसून ठरवावे की, कोणत्या झाडांवर फवारणी होईल व कोणत्या झाडांखालचे भुंगेरे खाद्यासाठी गोळा केले जातील. खाद्यासाठी जमविलेले भुंगेरे रॉकेलऐवजी साध्या उकळत्या पाण्यात टाकून मारावेत. द्राक्षबागेतील व टोमॅटोच्या शेतातील कोणताही कीटक खाद्यासाठी घेऊ नये.

हाच विवेक टोळांच्या बाबतीतही लागू आहे. २०२० साली पाकिस्तानातील ओकारा जिल्ह्यात, जेथे फवारणी झाली नव्हती अशा वनक्षेत्रात, रात्री झाडांवर विसावलेले टोळ लोकांकडून किलोस वीस रुपये त्यांच्या चलनात देऊन गोळा करविण्यात आले व ते कोंबडीखाद्याच्या कारखान्यास पुरविण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात अमरावती, वर्धा व नागपूर भागात टोळधाड आली, तेव्हा आपल्याकडे पिके वाचविण्यासाठी फवारणी करावी लागली. अशा फवारणीत मेलेला टोळ हा खाद्य नव्हे. तो विषाची पुडी समजावा.

मनुष्याच्या आहारात कीटक

जगात १,९०० हून अधिक जातींचे कीटक मनुष्याच्या खाण्यात आहेत, अशी नोंद जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालात आहे. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या जंगलातील माडिया बांधव झाडावरील तांबड्या मुंग्यांची चटणी खातात. ओडिशातील मयूरभंज येथील अशाच चटणीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसामात एरी रेशमाचे प्युपे आवडीने खाल्ले जातात. या खाद्यातून प्रथिनांबरोबर लोह व जस्त ही द्रव्येही मिळतात. म्हणून अशा आहारास कोणी नावे ठेवू नयेत. तसेच ज्यांच्या आचारात तो बसत नाही त्यांस त्याचा आग्रहही करू नये. ज्यांना कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्याने अंगावर पित्त उठते अथवा धाप लागते, त्यांनी मात्र कीटक खाणे टाळावे. कारण दोहोंतील काही प्रथिने सारखीच असतात.

बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने कीटकातील पोषण ताटात येण्याचा सोपा मार्ग कोंबडीच्या अंड्यातून जातो.

खाऊ घालताना घ्यावयाची काळजी

१. मुंग्या, शेणातील भुंगेरे व घरमाश्या यांच्या पोटात कोंबडीच्या पट्टकृमीची पिल्ले असू शकतात. म्हणून गोळा केलेले कीटक उकळत्या पाण्यातून काही मिनिटे काढावेत व मगच द्यावेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कोंबड्यांस वेळोवेळी जंताचे औषध द्यावे.

२. लगेच वापरावयाचे नसल्यास कीटक कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. चुरगाळल्यावर कडकडीत मोडतील इतके ते कोरडे झाले पाहिजेत. हवाबंद डब्यात ठेवावेत व खवट वास येताच फेकून द्यावेत.

३. मोठ्या कोंबडीस दररोज १० ते १५ ग्रॅम ताज्या अळ्या पुरेत. एवढ्याने तिच्या रोजच्या प्रथिनांचा जेमतेम आठवा ते दहावा हिस्सा भागतो. नेहमीचे खाद्य चालूच ठेवावे.

४. तयार खाद्यात सुकी भुकटी मिसळावयाची झाल्यास शंभर किलोस पाच किलोपासून आरंभ करावा व दहा किलोपलीकडे जाऊ नये. अधिक प्रमाणात दिल्याने वाढ सुधारत नाही, उलट घटण्याचा संभव असतो.

५. गाई, म्हशी व शेळ्या यांस कीटकखाद्य देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात कोणी अळ्यांची भुकटी विकावयास आला, तर कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यातर्फे चार प्रश्न विचारावेत. प्रथिनांचा आकडा ताज्या मालाचा की सुक्या? कवचातील नत्राची वजावट केली आहे काय? अळ्या कशावर वाढविल्या? आणि तेल काढले आहे काय? या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली व किलोभर खऱ्या प्रथिनांचा भाव पेंडीच्या तुलनेत परवडला, तरच प्रथम दहा-वीस कोंबड्यांवर माल वापरून पाहावा. त्यांची अंडी, वजन व विष्ठा यांवर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. अडचण आल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा अथवा कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

शेतात आणि परसात आपोआप येणारा स्वच्छ किडा कोंबडीने टिपला तर तो निव्वळ नफा आहे. परंतु पैसे देऊन घेतलेला किडा हा इतर कोणत्याही खाद्याप्रमाणे तोलून, तपासून व हिशेब करूनच घ्यावयास हवा.